अकरा पायऱ्या आणि सहा महिने

आमचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. वर अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटा भाऊ-भावजय, खाली चार खणांत आमच्या भाडेकरू काकू. संडास आणि मोरी मागच्या अंगणात, सगळ्या वाड्याला मिळून. वरून खाली यायला लाकडी जिना, अकरा पायऱ्या, कठडा नाही, फक्त वरून लोंबणारा दोर. लहानपणी आम्ही त्या दोराला धरून धाडधाड उतरायचो. 2014 साली अण्णा 79 वर्षांचे झाले, दोन्ही गुडघे गेलेले, आणि रात्री दोनदा उठावं लागायचं. भाऊ सातपूरला कारखान्यात. त्याची तिसरी पाळी असली की भावजय एकटी त्यांना हाताला धरून उतरवायची. मी इंदिरानगरला राहते, पण दिवसभर वाड्यातच असायचे.

एका पहाटे अण्णा चौथ्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण त्या दिवशी ठरलं की खालची जागा मागायची.

काकूंचे यजमान, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, 1971 पासूनचे भाडेकरू. 1996 साली ते गेले. आमच्या अण्णांनी त्यानंतरही पावत्या आप्पांच्याच नावाने फाडल्या, आधी ‘कै.’ लिहून. कायद्याने त्याने काही बिघडत नाही. भाडेकरू गेला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारी घरची माणसं भाडेकरू ठरतात. भाडं महिना 85 रुपये. हे ऐकून बाहेरचे लोक हसतात, म्हणून थोडं सांगते. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जवळजवळ गोठवूनच ठेवली होती. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की, काळ इतका पुढे गेल्यावर ही गोठवणूक मनमानी ठरते. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात घरमालकाला दरवर्षी 4 टक्के वाढ घ्यायचा हक्क आहे. 85 चे 4 टक्के म्हणजे 3 रुपये 40 पैसे. अण्णा म्हणायचे, एवढ्यासाठी काकूंच्या दारात उभा राहू का? राहिले नाहीत.

मी काकूंना विचारलं तेव्हा त्या गवार निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘मागचे दोन खण घ्या हवे तर, पण मोठ्या मुलाला विचारून सांगते.’’ मोठ्या मुलाचा, म्हणजे दादाचा, पाथर्डी फाट्याला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मी त्याला राखी बांधत आलेय. दादाने आठवड्याने निरोप दिला की जागा सोडायचा प्रश्नच येत नाही, आणि पुढचं भाडं मनिऑर्डरने आलं. मनिऑर्डर आली की समजायचं, समोर वकील बसलाय.

आम्हीही वकील गाठला. पहिल्याच बैठकीत त्यांनी जे सांगितलं त्याने आम्ही गार पडलो. भाडेकरू भाडं देतोय, द्यायला तयार आहे, तोवर त्याला काढता येत नाही, हे कलम 15. थकबाकी दाखवायची तरी आधी लेखी मागणीची नोटीस, मग 90 दिवस थांबायचं. दावा लागल्यावरसुद्धा समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्याने थकलेलं भाडं, साल 15 टक्के व्याज आणि खर्च कोर्टात भरला की तो मुद्दा संपला. आणि काकूंची एक दमडी थकलेली नव्हती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात 1971 पासूनच्या पावत्या, रबरबँड लावून, वर्षवार. पुढे तो डबा कोर्टात उघडला तेव्हा आमच्या वकिलांनीही मान डोलावली.

उरलं कलम 16. त्यात काढण्याची कारणं एकेक करून दिलेली आहेत. परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना उपद्रव, दावा लावण्याआधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा न वापरणं, आणि घरमालकाची स्वतःची वाजवी व खरी गरज. आमचं कारण शेवटचं. ‘‘पण गरज सिद्ध करून भागत नाही,’’ वकील म्हणाले. ‘‘काढल्याने तुमच्यापेक्षा भाडेकरूची अडचण जास्त होत असेल तर कोर्ट हुकूमनामा देत नाही. दोन्ही घरं तराजूत घालतात.’’

भावजयीच्या माहेरच्यांचा कॉलेज रोडला एक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला होता. तिला वाटायचं, तिथं मुदत संपली की माणूस जातो, मग इथं का नाही? तो रस्ताच वेगळा आहे. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली तर दिवाणी कोर्टात जावंच लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करारातला मजकूर तिथं निर्णायक पुरावा धरतात, समोरच्याला विरोध करायचा तर 30 दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिला तर दुप्पट शुल्क. एकाच कायद्यात दोन जगं आहेत. काकू पहिल्या जगातल्या.

नातेवाइकांचे सल्ले चालूच होते. एक मावसकाका म्हणाले, नळ बंद करा, महिन्यात जातील. वकील जवळजवळ ओरडलेच. पाणी, वीज, जिना, संडास, यातलं काही तोडलं तर कोर्ट ते पुन्हा सुरू करायला लावतं आणि तो गुन्हाही आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं, पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देतेच, तुम्हीही घ्या, वाडा उतरवा, भाडेकरू आपोआप गेला. तेही खोटं. मिरजेच्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं होतं की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, जमिनीवरचा हक्क राहतो. जुन्या नाशकात अर्धवट पडलेले, मालक-भाडेकरू दोघांचंही कुलूप असलेले वाडे दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट इथं अडलेली असते.

जून 2014 मध्ये दावा दाखल झाला, दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर. काकू, दादा आणि काकूंची पुण्याची मुलगी, म्हणजे ताई, असे तीन प्रतिवादी. दाव्याचं मूल्यांकन वर्षाच्या भाड्यावर होतं. म्हणजे 85 गुणिले 12, एक हजार वीस रुपये. चार खणांच्या जागेचा दावा, आणि कागदावर किंमत एका चांगल्या साडीइतकी.

मग तारखा. सीबीएस बसस्थानकाजवळचं कोर्टाचं आवार मला पुढची सात वर्षं घरच्या अंगणासारखं पाठ झालं. बोर्डावर आपला नंबर बघायचा, शिपायाचा पुकारा ऐकायचा, आत जाऊन उभं राहायचं, आणि समोरच्यांचा वेळ-अर्ज मंजूर होताना बघायचा. कैफियत, म्हणजे समोरच्यांचं लेखी उत्तर, यायलाच पाच महिने गेले. 2015 साली सिंहस्थ. शाहीस्नानांच्या दिवसांत आमच्या भागातून बाहेर पडणंच मुश्कील, तारीख पडली तरी जायचं कसं? त्यानंतर न्यायाधीश साहेबांची बदली. नवे साहेब आले की सगळं पुन्हा पहिल्या पानापासून वाचतात, ते योग्यच आहे, पण आपला जीव जातो.

या काळात जे आम्ही केलं ते सांगायला मला सोपं जात नाही.

दावा लागल्यावर महिन्याभरात भावाने प्लंबरला बोलावलं होतं. वर स्वयंपाकघराच्या मागे एक छोटा संडास काढायचा. मातीची लादणी, खाली सागाच्या तुळया, काम अवघड होतं पण होण्यासारखं होतं. वकिलांना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘तुमची गरज काय आहे? खाली संडास आहे, वर नाही. तुम्हीच वर बांधला तर दावा कशाचा?’’ त्यांचं चूक नव्हतं. दावा दाखल झाल्यानंतर गरज संपली, असं समोरच्यांनी दाखवलं तर कोर्टाला त्याची दखल घ्यावी लागते. म्हणजे गरज जिवंत ठेवायची होती. प्लंबर परत गेला. अण्णा दोर धरून उतरत राहिले, दिवसा चारदा, रात्री दोनदा.

आणि खाली काकू. 2016 च्या जानेवारीत त्या ताईच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. जागेला कुलूप लागलं. आमच्या वकिलांचे डोळे चमकले. सहा महिने होऊ द्या, म्हणाले, चालू दाव्यात ते कारण बसत नसलं तरी नवा दावा लावता येईल. त्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काकू गेल्या त्या तारखेला पेन्सिलने बारीक टिंब काढलं. मग दर महिन्याला एक. महावितरणकडून मीटरचा उतारा मागवायचा असतो, त्याला सीपीएल म्हणतात, त्यात महिन्याला किती युनिट जळले ते येतं, हेही मला तेव्हाच कळलं. भावजयीने एकदा विचारलं, ही टिंबं कसली? मी म्हटलं, गॅस सिलिंडरची. पाचव्या टिंबानंतर काकू परत आल्या. नातू चाळीस दिवसांचाही झाला नव्हता.

2016 च्या पावसाळ्यात अण्णांची साक्ष. कुलमुखत्यार म्हणून मी उभी राहू शकत होते, पण अण्णांच्या स्वतःच्या माहितीतलं मी कसं सांगणार? ते चालत नाही. कोर्टापर्यंत त्यांना नेणं शक्य नव्हतं, म्हणून साक्ष नोंदवायला कोर्टाकडून कमिशनर नेमून घरीच उलटतपास घ्यायचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. समोरचे वकील तसे स्थूल. पाचव्या पायरीवर थांबले, दोर धरला, आणि धापा टाकत म्हणाले, ‘‘बाप रे.’’ आमच्या वकिलांनी ते कमिशनरना रेकॉर्डवर घ्या म्हणून चेष्टेत सांगितलं. कमिशनर हसले, घेतलं नाही.

उलटतपासात त्यांनी अण्णांना विचारलं, कमोडची खुर्ची बाजारात मिळते हे तुम्हाला माहीत आहे का? अण्णा म्हणाले, ‘‘माहीत आहे. वकिलांनी घेऊ नका म्हणून सांगितलंय.’’ खोलीत सगळे गप्प झाले. आमचे वकील छताकडे बघायला लागले. टंकलेखकाने विचारलं, घेऊ का? समोरचे वकील म्हणाले, ‘‘घ्या ना.’’ कागदावर ते असं उतरलं: ‘हे खरे आहे की, कमोडची खुर्ची बाजारात मिळते. मी ती घेतलेली नाही.’ दुसरा अर्धा भाग हरकत घेऊन गळला. तेवढ्यात खालून चहाचा ट्रे आला, सहा कप, काकूंनी पाठवलेला. वर कोर्टाचं माणूस आलंय म्हटल्यावर चहा नको का? समोरच्या वकिलांनी आपल्या पक्षकाराचा चहा आमच्या घरात बसून घेतला.

मलाही पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते आणि तिची एक खास भाषा असते. ‘हे म्हणणे खरे आहे की, माझा इंदिरानगर येथे फ्लॅट आहे. हे म्हणणे खरे नाही की, माझे वडील तेथे राहू शकतात.’ माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या चाळीस. घरमालकाने कुठं राहावं हे भाडेकरूने ठरवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याचदा म्हटलंय, त्याचा आधार आमच्या वकिलांनी युक्तिवादात घेतला.

काकूंची साक्ष 2017 मध्ये झाली. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत तो डबा. आमच्या वकिलांनी विचारलं, मुलाचा फ्लॅट आहे का? आहे. तुम्हाला वेगळी खोली आहे का? आहे. सून सांभाळते का? ‘‘चांगली आहे हो.’’ मग तिथं का राहत नाही? काकूंनी आधी न्यायाधीशांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘तिथं राहिलं तर इथली जागा जाते असं वकिलांनी सांगितलंय.’’ त्यांच्या वकिलांनी डोळे मिटले. मला त्याच क्षणी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवलं, आणि अण्णांचं वाक्यही. दोन म्हातारी माणसं, एक वर, एक खाली, दोघांनाही वकिलांनी हलू नका म्हणून सांगितलेलं. त्यांनी हललं की मुद्दा जातो.

फेब्रुवारी 2018 मध्ये निकाल लागला. गरज खरी, हे कोर्टाने मान्य केलं. पण सगळी जागा घेतली तर काकूंची अडचण जास्त, आणि अर्धी घेतली तर कुणाचीच फारशी होत नाही. कलम 16 च्या दुसऱ्या पोटकलमात अशी सोय आहे, भागापुरता हुकूमनामा. मागचे दोन खण, संडासाकडच्या बाजूचे, आम्हाला. ओट्याकडचे दोन काकूंना. म्हणजे 2014 मध्ये गवार निवडताना काकू जे बोलल्या होत्या, अगदी तेच.

आम्ही खूश व्हायला हवं होतं. पण घरात चर्चा अशी झाली की अर्धं मिळालं म्हणजे अर्धं हरलो. 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात दोन अपिलं गेली. आमचं सगळ्यासाठी, त्यांचं काहीच न देण्यासाठी. त्यांना स्थगिती मिळाली, पण महिना 1500 रुपये कोर्टात भरायच्या अटीवर. हुकूमनाम्यानंतर भाडेकरूने जुन्याच भाड्यात बसून अपील चालवू नये, म्हणून आत्माराम प्रॉपर्टीजच्या 2004 च्या निकालापासून कोर्टं अशी रक्कम ठरवतात. 85 रुपये देणाऱ्या घराला 1500 म्हणजे काय ते मला दिसत होतं, दादाच्या चेहऱ्यावर. तोवर राख्या थांबल्या होत्या. वकिलांच्या फीची मी वही ठेवली होती, त्या सुमाराला तीही लिहायची सोडली.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि अपील होतं तिथं थांबलं. वाड्यात तेव्हा आम्ही अडकलेले. भाऊ घरी, काकू खाली एकट्या, दादाला पाथर्डी फाट्यावरून येता येईना. भावजय रोज काकूंना भाजी-दूध खाली नेऊन द्यायची. एका रात्री अण्णा जिन्यात अडकले, ना वर जाता येईना ना खाली, तर खालून काकूंनी कंदील धरला. लाइट गेलेली होती. दुसऱ्या दिवशी भावाने कुणालाही न विचारता कमोडची खुर्ची आणवली. मी वकिलांना सांगितलं नाही.

लोकअदालतीचं मीच काढलं, 2021 च्या दिवाळीनंतर. दादाला फोन केला. तो म्हणाला, आईला विचार. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, कोर्ट फी परत मिळते, आणि मुख्य म्हणजे तिथं माणसांना एकमेकांशी बोलू देतात. डिसेंबरमध्ये एका लांब टेबलाशी बसलो. मागचे दोन खण आमचे, पुढचे दोन काकूंना हयातभर, भाडं निम्मं, 42 रुपये 50 पैसे. त्यांच्यानंतर मुलांनी हक्क सांगायचा नाही. कोर्टात भरलेली रक्कम त्यांना परत. मधल्या भिंतीचा खर्च आमचा. अर्ध्या तासात ठरलं.

सह्या व्हायच्या आधी काकू म्हणाल्या, ‘‘एक राहिलं. मला मुलाकडे जाऊन राहता आलं पाहिजे. कितीही दिवस. त्यावरून जागा काढायची नाही, असं लिहा.’’ दोन्ही वकिलांनी एकमेकांकडे बघितलं. ते वाक्य तडजोडीच्या पुरसिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, सातव्या क्रमांकाला, हाताने लिहून घातलं. मी त्याच्याखाली सही केली तेव्हा टिंबांचं काही बोलले नाही. अजूनही बोललेली नाही.

जानेवारीत कब्जा पावती झाली. बेलिफ नाही, पोलीस नाही, काकूंनीच मागची कडी काढून दिली. अण्णांची खाट खाली आली. पहिल्या रात्री त्यांना झोप लागली नाही, म्हणाले, जिना नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारीत काकू पाथर्डी फाट्याला निघाल्या, दिवाळीपर्यंत राहते म्हणाल्या. रिक्षा दारात उभी. त्या आमच्या मागच्या दारातून आत आल्या, पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि मोजून अण्णांच्या खाटेवर ठेवले. आठ महिन्यांचं आगाऊ भाडं, 340 रुपये. मी म्हटलं, काकू, असू द्या, आल्यावर बघू. त्या तिथंच खाटेच्या कडेला बसल्या.

‘‘पावती फाड,’’ म्हणाल्या. ‘‘रिक्षा थांबेल.’’